रोझेशियाच्या चेहऱ्यावर घरी रेड लाईट मास्क वापरावा का? (नाशिक)

इंदिरानगरची

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे पण अर्धवट लिहिलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल म्हणून सगळं सांगते. माझे गाल आणि नाक गेली दोन-तीन वर्षं लाल पडतात. आधी फक्त ऊन लागलं की व्हायचं, आता काहीही निमित्त पुरतं, गरम चहा, पोळ्या करताना तव्यासमोर उभं राहणं, आणि रविवारी सगळ्यांबरोबर मिसळ खायला गेले की तर झालंच, काळ्या रश्श्याचे दोन घास पोटात गेले नाहीत तोवर चेहरा भगभगायला लागतो. बरं थंडीत तरी आराम पडेल म्हणावं तर डिसेंबरात सकाळी स्कूटीवर गार वारं लागतं आणि शाळेत स्टाफरूममध्ये येऊन बसले की परत तेच. रंग गव्हाळ आहे त्यामुळे दुसऱ्याला लाली फारशी दिसत नाही, लोक म्हणतात काय गं टॅन झालीस, पण मला आतून आग जाणवते आणि गालाला हात लावला तर गरम लागतो.

कॉलेज रोडवर एका स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी रोझेशिया सांगितला, म्हणजे चेहरा वारंवार लाल होऊन चुरचुरतो तो त्वचेचा आजार. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडची जेल, साधा मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन दिलं. त्याने बारीक पुरळ गेलं, फरक आहे, खोटं कशाला बोलू. पण ती मुळातली लाली आणि चुरचुर काही जात नाही.

आता मोबाईलवर सारखे ते एलईडी मास्क दिसतात, तोंडावर लावायचे, आतून छोट्या दिव्यांचा रंगीत उजेड टाकणारे. चार हजारापासून चाळीस हजारापर्यंत काहीही किंमत. कोणी म्हणतं लाल लावा, कोणी म्हणतं निळा, कोणी पिवळा. घरी सासूबाईंच्या गुडघ्यासाठी आणलेला शेक घ्यायचा लाल दिवा आहे, त्या म्हणतात एवढे पैसे कशाला घालवतेस, हाच लाव की तोंडाला, लाल तो लालच. तर मला विचारायचंय की रोझेशियाला याचा खरंच उपयोग होतो का, कुठला रंग घ्यायचा, आणि आपल्या रंगाच्या त्वचेवर काळे डाग तर पडणार नाहीत ना? नणंदही म्हणतेय की घेतलास तर मी पण वापरेन, तिचाही चेहरा लाल होतो, म्हणजे खर्च वाटून घेता येईल. कोणी स्वतः वापरला असेल तर प्लीज लिहा.

गंगापूररोडकर

ताई, सगळ्यात आधी ते शेकाचं मनातून काढून टाका. तो दिवा तोंडाला अजिबात लावू नका, का ते कोणीतरी नीट सांगेलच.

मी मास्क वापरते, मलाही रोझेशियाच आहे. माझ्या मास्कमध्ये ६३० नॅनोमीटरचा लाल आणि ८३० चा न दिसणारा, असे दोन आहेत, बाकी रंग नाहीत आणि मी मुद्दामच तसा घेतला. फरक काय पडला ते प्रामाणिकपणे सांगते. ती जी चुरचुर असते ना, संध्याकाळी घरी आल्यावर तोंड धुतलं की पाणीसुद्धा झोंबतं, ती बरीच कमी झाली, आणि लाली आली तरी लवकर उतरते. पण नाकाच्या बाजूला बारीक लाल शिरा दिसतात त्या जशाच्या तशा आहेत. त्या या उजेडाने जात नाहीत. त्याला क्लिनिकमधला लेझर लागतो, पल्स्ड डाय म्हणतात तो, किंवा आयपीएल, म्हणजे तीव्र उजेडाचे झटके देणारं मशीन, आणि गव्हाळ सावळ्या रंगावर ते करणारा हात अनुभवीच हवा, नाहीतर भाजून डाग पडतात. त्यामुळे शिरा जातील म्हणून मास्क घेत असाल तर घेऊ नका.

वापरायची पद्धत सांगते. रात्री साध्या फेसवॉशने तोंड धुवायचं, कोमट पाणी नको, नळाचं गारच, मऊ पंचाने टिपून घ्यायचं, घासायचं नाही. मग दहा मिनिटं तसंच पंख्याखाली बसायचं कारण धुतल्या धुतल्या चेहरा आधीच चिडलेला असतो. त्यानंतर कोऱ्या चेहऱ्यावर मास्क. जेल किंवा सीरम खाली लावायचं नाही, व्हिटॅमिन सी नाही, रेटिनॉल तर नाहीच. सुरुवातीला दोन-तीन मिनिटंच आणि तेही एक दिवस आड, मग चेहरा कसा राहतो बघत बघत वाढवायचं. डब्यावर १० मिनिटं रोज लिहिलेलं असतं ते सर्वसाधारण कातडीसाठी, आपली त्यातली नाही. झालं की मॉइश्चरायझर, आणि तुमची जेल त्याच्याही नंतर. आणि मास्क काढल्यावर अर्ध्या तासाने आरशात बघा, लगेच नाही. लगेच थोडं गुलाबी दिसतंच, पण अर्ध्या तासानेही आग होत असेल तर वेळ निम्मा करा, तरी होत असेल तर बंद.

अंबडचा इंजिनियर

मी डॉक्टर नाही, एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, बायकोसाठी मास्क घ्यायचा होता म्हणून यात बराच खोल गेलो, तेवढ्यावर लिहितो.

शेकाचा दिवा आणि एलईडी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शेकाचा दिवा हा बल्ब आहे, साधारण दीडशे वॅटचा, आत तापलेली तार आणि पुढे लाल काच. त्यातून निघतं ते मुख्यतः इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता, आणि तेच त्याचं काम आहे, गुडघा शेकायचा. लाल दिसतो तो काचेमुळे. एलईडी मास्कमध्ये एका ठराविक वेव्हलेंग्थचा उजेड असतो आणि त्याने कातडी गरम व्हावी अशी अपेक्षाच नसते. तो उजेड पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं एक एन्झाइम शोषून घेतं, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नाव त्याचं, आणि तिथून पुढे दाह कमी होणं वगैरे घडतं असं मानतात. गंमत म्हणजे याची सुरुवात चेहऱ्यासाठी झालीच नव्हती, हंगेरीतल्या एंद्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी १९६७ च्या सुमारास उंदरांवर कमी ताकदीचा लाल लेझर टाकून बघितला तेव्हा भादरलेल्या जागी केस लवकर आले, तिथून हा विषय उभा राहिला. पुढे नासाने अंतराळात रोपं वाढवायला लाल एलईडी वापरले आणि तेच एलईडी जखमा भरायला चालतात का ते तपासलं गेलं. म्हणजे शास्त्र अगदीच हवेतलं नाहीये.

पण घेताना बघायचं काय तर दोन आकडे. एक वेव्हलेंग्थ, म्हणजे उजेडाच्या लहरीची लांबी, ती नॅनोमीटरमध्ये मोजतात, लाल म्हणजे ६३० ते ६६० आणि निअर इन्फ्रारेड, म्हणजे तो न दिसणारा, ८३० ते ८५०. दुसरा ताकद, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर किती मिलिवॅट. हा दुसरा आकडा स्वस्त मास्कवाले देतच नाहीत. समजा ३० मिलिवॅट आहे आणि तुम्ही १० मिनिटं लावला, तर ३० गुणिले ६०० सेकंद म्हणजे १८ जूल प्रति चौरस सेंटीमीटर झाला डोस. आणि इथे जास्त म्हणजे चांगलं असं नसतं, एका मर्यादेनंतर फायदा कमी होत जातो आणि चिडचिड वाढते. म्हणून वरच्या ताईंनी दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात सांगितली ती बरोबर आहे. ज्याच्यावर नुसतं '७ कलर' आणि एलईडीची संख्या लिहिलीय त्यावर डोसचा हिशोबच करता येत नाही, मग कशाला घ्यायचा. एलईडी किती आहेत त्यावरून काही कळत नाही.

घरी आल्यावर एक टेस्ट करा. मास्क चालू करून हाताच्या आतल्या बाजूवर, मनगटाजवळ, पूर्ण वेळ ठेवा. तिथली कातडी पातळ असते. गरम लागतोय असं वाटलं तर तो तुमच्या चेहऱ्यासाठी नाही, परत करा. काही सिलिकॉनचे मास्क चेहऱ्याला इतके चिकटून बसतात की एलईडीची आणि श्वासाची गरमी आतच अडकते, त्यात आपला एप्रिल-मे म्हणजे विचारूच नका. न दिसणारा ८३० खरंच चालू आहे का हे फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघता येतं, बऱ्याच फोनमध्ये तो फिकट जांभळा चमकताना दिसतो.

इंदिरानगरची

दोघांचेही खूप आभार, सासूबाईंना वाचून दाखवलं, आता तो दिवा गुडघ्यालाच राहील. पण मग दादा, निळा आणि पिवळा कशासाठी असतो? आणि मला एक कळत नाही, उष्णता आणि तिखट या दोन्हीने सारखाच चेहरा का पेटतो?

फार्मसीवाली

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण हा माझा आवडता विषय आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि उष्णता हे दोन्ही आपल्या नसांच्या टोकांवरच्या एकाच रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, जागं करतात, ट्रिपव्ही-१ म्हणतात त्याला. डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं ते याच शोधासाठी. म्हणजे तिखट खाल्ल्यावर 'भाजलं' असं वाटतं ते शरीराच्या दृष्टीने खरंच भाजणं असतं. रोझेशियाच्या त्वचेत ही यंत्रणा जास्त हळवी असते, त्यामुळे रस्सा तिखट आणि वर वाफाळता असला की दोन्ही बाजूंनी मार. मिसळ सोडा असं मी नाशिकमध्ये कोणाला सांगणार नाही, पण रस्सा जरा निवू द्या, दही घ्या आणि त्यावर लगेच कडक चहा नको. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणींना एवढ्यानेही फरक पडलाय. पाहुण्यांना घेऊन वायनरीत जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, रेड वाइनने हमखास लाली येते.

निळा प्रकाश साधारण ४१५ नॅनोमीटरचा, तो मुरुमांच्या जिवाणूंवर चालतो. रोझेशियावर त्याचं काम नाही, आणि आपल्या रंगाच्या कातडीवर तो काळपटपणा वाढवू शकतो. पिवळ्याबद्दल जाहिराती फार आहेत आणि पुरावा त्या मानाने अगदी थोडा. खरं तर रोझेशियावर लाल प्रकाशाचे अभ्याससुद्धा छोटे छोटेच आहेत, मुरुम आणि सुरकुत्यांवर त्यापेक्षा जास्त काम झालंय. त्यामुळे हा मास्क जेलच्या जागी नाही, जेलच्या जोडीला. जेल बंद करून मास्क लावाल तर पुरळ परत येईल.

पण ताई मला तुमच्यापेक्षा तुमच्या नणंदेची जास्त काळजी वाटतेय. तिचा चेहरा कशामुळे लाल होतो? ती काय लावते?

इंदिरानगरची

ती कुठल्याच डॉक्टरकडे गेलेली नाही. लग्न ठरल्यापासून एक गोरं व्हायची क्रीम लावते, पार्लरमध्ये कोणीतरी सांगितली होती. चेहरा मस्त उजळला होता आधी. आता एक दिवस नाही लावली तरी लाल होतो आणि खाजतो म्हणून रोज लावते. मी आत्ता ट्यूबचा फोटो मागवला, त्यावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावं आहेत.

फार्मसीवाली

मला हीच भीती होती. मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. ही तीन औषधांची क्रीम वांगासाठी डॉक्टर थोड्या दिवसांपुरती देतात, रोज लावायची फेअरनेस क्रीम नाहीये ती. चेहऱ्यावर महिनोन्महिने स्टिरॉइड लावलं की कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, पुरळ, हनुवटीवर लव, आणि लावणं थांबवलं की दोन-तीन दिवसांत चेहरा पेटतो, मग माणूस घाबरून परत लावतो. आपल्या देशात हे इतकं आहे की आपल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलंय, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. २०१८ मध्ये सरकारने अशा बऱ्याच स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये घातल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, तरी लोक रिकामी ट्यूब घेऊन येतात आणि 'हीच द्या' म्हणतात. नाही म्हटलं की रागावून पुढच्या दुकानात जातात. आणि मग वर्षभराने तीच मुलगी तोंडाला ओढणी बांधून येते, फार वाईट वाटतं हो बघून.

तिला कृपा करून हा मास्क देऊ नका. स्टिरॉइडने पातळ झालेल्या कातडीला नुसता उजेड आणि उष्णतासुद्धा सहन होत नाही. आणि क्रीम एकदम बंद करायलाही सांगू नका, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत आणावी लागते, मधल्या काळात जो भडका उडतो त्यासाठी ते दुसरी औषधं देतात. त्वचेचे एमडी किंवा डीव्हीडी (त्वचारोगाचा डिप्लोमा) असलेले डॉक्टर बघा, नाहीतर सिव्हिल हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत जा. आणि ट्यूब बरोबर न्या, नाव आठवत नाही म्हणून गप्प बसायचं नाही.

अजून एक, सगळ्यांसाठीच. गालांवर फुलपाखरासारखी लाली असेल आणि बरोबर सांधे दुखत असतील, तोंडात फोड येत असतील, केस गळत असतील, उन्हात गेल्यावर थकवा येत असेल तर ते ल्युपससुद्धा असू शकतं, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार. त्यात प्रकाशाने आजार भडकतो. आधी रक्त तपासून घ्या, मास्कबिस्क नंतर. डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन किंवा बीपीची काही औषधं चालू असतील तरी विचारल्याशिवाय नको, त्याने कातडी प्रकाशाला हळवी होते.

निफाडकर

मी शेतातली बाई आहे, माझा अनुभव वांगाचा. द्राक्षाच्या कामात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी या दोन्ही वेळेला उन्हातच असतो आम्ही, तोंडाला ओढणी बांधलेली. माझेही गाल लाल व्हायचे, त्यावर वांगही होतं. मुलीने सात रंगांचा मास्क आणून दिला, तो लावल्यावर लाली गेली नाहीच पण गालावरचं वांग गडद झालं. डॉक्टर म्हणाले उष्णतेने आणि निळ्या उजेडाने असं होतं आपल्या रंगाला. मास्क बंद केला. ज्यांना लालीबरोबर वांग आहे त्यांनी जपूनच, एवढं मला सांगायचंय.

मला उपयोग कशाचा झाला सांगते. सिंथेटिकची ओढणी सोडली. तिच्यात घाम आणि वाफ कोंडून चेहरा उकडतो, आपल्याला वाटतं ऊन अडतंय. आता सुती पांढरं फडकं, वरून रुंद काठाची टोपी, आणि फडकं मधून मधून बांधावरच्या माठातल्या पाण्यात पिळून घ्यायचं. आणि डॉक्टरांनी रंगवालं सनस्क्रीन दिलं, त्यात आयर्न ऑक्साइड असतं, साधं पांढरं सनस्क्रीन दिसणारा उजेड अडवत नाही म्हणे आणि हे अडवतं. पावडर लावल्यासारखं दिसतं, लाली झाकलीही जाते. फवारणीच्या दिवशी मी बागेत जातच नाही, ते अंगावर आलं की दोन दिवस चेहरा सुजतो.

अंबडचा इंजिनियर

ताईंनी सांगितलेलं महत्त्वाचं आहे. सात रंगांच्या मास्कमध्ये प्रत्येक दाण्यात लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी असतात, चुकून बटण दाबलं गेलं की निळा चालू. म्हणून फक्त लाल किंवा लाल आणि निअर इन्फ्रारेड एवढाच घ्यावा. आणि वांग असेल तर निअर इन्फ्रारेडही बंद करता येणारा घ्या, नुसता लाल चालेल असा.

गंगापूररोडकर

डोळ्यांचं कोणीच लिहिलं नाही. मास्कला डोळ्यांच्या जागी नुसती भोकं असतात, उजेड आत येतोच. मी काळे गॉगल घालते, मास्कबरोबर मिळतात ते.

फार्मसीवाली

हो, बरं आठवण केलीत. २०१९ मध्ये न्यूट्रोजीनाने त्यांचा मुरुमांसाठीचा लाल-निळा मास्क बाजारातून परत घेतला होता, कारण डोळ्यांचे काही विशिष्ट आजार असलेल्यांना किंवा प्रकाशाला हळवं करणारी औषधं घेणाऱ्यांना त्यापासून धोका असू शकतो असं पुढे आलं. म्हणजे डोळे झाकणं ऐच्छिक नाही.

आणि इंदिरानगरच्या ताई, तुमचे डोळे कसे आहेत? सकाळी उठल्यावर वाळू गेल्यासारखे खुपतात का, पापण्यांच्या कडा लाल, सारख्या रांजणवाड्या? रोझेशिया असलेल्या बऱ्याच लोकांच्या डोळ्यांतही तो असतो आणि तो कोणी विचारतच नाही. लोकांना वाटतं मोबाईल जास्त बघितला.

इंदिरानगरची

खुपतात. हे दोन्ही एकच असेल असं मनातही आलं नव्हतं, मी वर्षभर पेपर तपासण्याला दोष देतेय, आणि रांजणवाडी यंदा तीनदा तरी झाली असेल.

फार्मसीवाली

मग आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांना स्पष्ट सांगा की मला चेहऱ्याचा रोझेशिया आहे, नाहीतर ते नुसते कोरडेपणाचे ड्रॉप्स देतील. पापण्यांचा शेक, कडा स्वच्छ करणं, कधी गोळ्या, असं सगळं असतं त्यात. शेक म्हटला म्हणून परत तो दिवा नाही हं, कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं, तेही फक्त मिटलेल्या पापण्यांवर, गालाला न लागू देता. त्या डॉक्टरांनी गोळी म्हणून डॉक्सिसायक्लिन दिलं तर ती चालू असेपर्यंत मास्कचा विषय काढूच नका.

इंदिरानगरची

मुंबई नाक्याजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली. नणंदेलाही फोन केला, आधी चिडली, म्हणाली लग्नाच्या फोटोंत चेहरा कसा दिसेल, मग फार्मसीवाल्या ताईंचं लिहिलेलं सगळं तिला पाठवलं तेव्हा गप्प झाली आणि थोड्या वेळाने तिचाच मेसेज आला की ट्यूब घेऊन तुझ्याच डॉक्टरांकडे येते. लग्न फेब्रुवारीत आहे, तोवर वेळ आहे का कोणी सांगेल?

फार्मसीवाली

भडका ओसरायला काही आठवडे ते काही महिने, किती दिवस आणि कुठलं स्टिरॉइड लावलं त्यावर आहे. म्हणून लग्नापर्यंत थांबू असं म्हणू नका, याच आठवड्यात दाखवा. आणि मेकअपवालीला आत्ताच सांगून ठेवा की फेशियल, ब्लीच, वाफ यातलं काहीही करायचं नाही.